बहर, भर आणि भरभराट

भाद्रपदाच्या अखेरीस पाथरीहून मानवतकडे जाणाऱ्या वाटसरूस दोन्ही अंगांस हिरव्या रानावांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं. गोदावरीच्या खोऱ्यांतली ही काळी जमीन. तिच्यांत पऱ्हाटी कमरेच्या वर चढलेली असते, तूर तिच्या मागोमाग डोकें काढीत असते, आणि मधूनमधून पिवळीं पडूं लागलेलीं सोयाबीनचीं शेतें असतात. अशा वेळीं बाहेरगांवचा एखादा सुशिक्षित गृहस्थ उद्गारतो, “काय सुंदर पीक बहरलें आहे!” बातमीपत्र लिहिणारा लिहितो कीं तालुक्यांतील पिकें जोमानें फोफावलीं आहेत. आणि ज्याचें रान आहे त्यास बांधावर गांठून विचारावें, तर तो खालीं पाहून म्हणतो, “बरं आहे.” रान एक, पाहणारे तीन आणि शब्दहि तीन. त्यांपैकीं पहिले दोघे कोशाप्रमाणें बरोबर बोलत आहेत. तिसरा रानाप्रमाणें बरोबर बोलत आहे.

वाढीस लागणें, चांगलें चालणें, समृद्ध होणें या अर्थाचीं क्रियापदें मराठींत थोडींथोडकीं नाहींत. बहरणें, फुलणें, फळणें, मोहरणें, पालवणें, तरारणें, डवरणें, पिकणें, फोफावणें, माजणें, नांदणें, वाढणें; शिवाय भरभराट, बरकत, ऊर्जितावस्था या नामांवरून बनलेले प्रयोग निराळेच. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ सालीं आणि सुधारून १८५७ सालीं निघाला. दाते, कर्वे प्रभृतींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या सालांत सात विभागांनीं पुरा झाला. असल्या कोशांचे उपकार फार आहेत. परंतु कोशांत जे शब्द एका ओळींत बसतात ते शिवारांत एका ओळींत बसत नाहींत. कोणता शब्द कोणत्या महिन्यांत, कोणत्या पिकास आणि कोणाच्या तोंडीं शोभतो, हें तेथें ठरलेलें असतें. आणि तें चुकलें तर केवळ भाषेची चूक होऊन भागत नाहीं, प्रसंगीं माणसाच्या पोटावर येतें. तें कसें, हें पुढें दिसेलच.

प्रथम ‘बहर’ हाच शब्द घ्यावा. फारसींत ‘बहार’ म्हणजे वसंत ऋतु. दक्षिणेंतील मुसलमानी राज्यांच्या अमदानींत हा शब्द मराठींत उतरला आणि येथें त्याच्या दोन वाटा झाल्या. ‘बहार’ हा शब्द मौजेकडे गेला. गाण्याला बहार येते, बैठकीला बहार येते. ‘बहर’ हा झाडापाशीं राहिला. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखालीं राजव्यवहारकोश तयार झाला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविण्यांत आले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पण दरबार बदलतो त्या वेगानें बाग बदलत नाहीं. वसंत हा घरचा शब्द हाताशीं असतांनाहि बागवानानें बहर सोडला नाहीं, कारण तोंवर त्या शब्दाचा अर्थ वसंतापासून दूर जाऊन नेमका आणि कामाचा झाला होता.

तो अर्थ किती नेमका आहे, हें मोसंबीच्या बागेंत कळतें. मराठवाड्याच्या हवेंत मोसंबीचें झाड वर्षांत तीन वेळां फुलूं शकतें. आंब्याला मोहर येतो त्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारींत, जो फुलोरा येतो तो आंबेबहर. मृगाच्या पावसाबरोबर जून-जुलैंत येतो तो मृगबहर. आणि हस्त नक्षत्राच्या आगेमागें, सप्टेंबर-ऑक्टोबरांत, येतो तो हस्तबहर. झाडाच्या मनावर सोडलें तर तें तिन्ही वेळां थोडें थोडें फुलेल आणि एकदांहि धड फळणार नाहीं. म्हणून बागाईतदार त्यांपैकीं एक निवडतो. या निवडीला ‘बहर धरणें’ असें म्हणतात, आणि तो धरण्याची रीत पहिल्यानें ऐकणारास अंमळ निष्ठुर वाटेल. झाडाचें पाणी तोडावयाचें! आंबेबहर धरावयाचा तर थंडीच्या दिवसांत महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनींत त्याहूनहि अधिक, पाणी बंद ठेवतात. यास ‘ताण देणें’ म्हणतात. पानें निस्तेज होतात, पिवळीं पडतात, कांहीं गळतात. वाढ थांबली म्हणजे झाड आपला अन्नसांठा फांद्यांत राखून ठेवतें. मग आळीं चाळून, खत घालून, पहिलें पाणी हलकें द्यावयाचें, दुसरें त्याहून थोडें अधिक. आणि थोड्याच दिवसांत नवी पालवी व फुलें एकदम अंगावर येतात.

तेव्हां बागेंतील बहर हा नुसता आनंदाचा शब्द नव्हे. उपासानंतर आणि हिशेबानें आणलेली ती अवस्था आहे. ताण कमी पडला तर फुलें विरळ येतात. जास्त झाला तर फांद्या वाळतात. ही ओढाताण नेमकी कोठें थांबवावी, हें जुना बागवान पानाच्या रंगावरून आणि जमिनीच्या भेगेवरून ओळखतो. परंतु पाण्याची दोरी त्याच्याच हातीं असली पाहिजे. २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना आणि औरंगाबाद या जिल्ह्यांतील, ज्याला आतां छत्रपति संभाजीनगर म्हणतात त्या भागांतील, मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि शेतकऱ्यांना त्या स्वतःच्या हातांनीं तोडाव्या लागल्या. झाडाच्या दृष्टीनें पाहिलें तर ताण आणि दुष्काळ यांत फरक नाहीं, दोन्हींत पाणी मिळत नाहीं. पण ताणाच्या शेवटीं पहिलें हलकें पाणी ठरलेलें असतें. त्या सालीं तें आलेंच नाहीं.

बहराचा आणखी एक गुण असा कीं तो गळतो. फुलें आलीं, ढगाळ हवा पडली, आणि आठ दिवसांत बुडाशीं पांढरा सडा पडला, असें हरसाल कोठें ना कोठें होतें. म्हणून बागेंतल्या भाषेंत बहर ही आशा आहे, मिळकत नाहीं. लाक्षणिक प्रयोगांतहि ही छटा टिकून आहे. तारुण्याचा बहर, कलेचा बहर असें आपण बोलतों तेव्हां तो ओसरणार ही जाणीव शब्दाच्या पोटांत असतेच. ‘बहर ओसरला’ हा प्रयोग जितक्या सहज येतो तितक्या सहज ‘भरभराट ओसरली’ असें कोणी म्हणत नाहीं. उलट किराणा दुकानाला ‘बहरलें’ म्हटलें तर पाथरीच्या बाजारांतला माणूस हंसेल. दुकान चालतें, धडाक्यानें चालतें, फार तर त्याला बरकत येते; फुलें कांहीं दुकानाला येत नाहींत.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पाथरीच्या इतिहासांत ‘बहरी’ हा शब्द येतो आणि त्याचा बहराशीं संबंध जोडण्याचा मोह होतो. अहमदनगरची निजामशाही स्थापन करणारा मलिक अहमद हा निजाम-उल्-मुल्क मलिक हसन बहरी याचा मुलगा. फरिश्त्यानें लिहून ठेविलें आहे कीं मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, विजयनगरच्या स्वारींत बहामनी सुलतानाच्या हातीं सांपडलेला. त्याच्या बापाचें नांव भैरू, आणि त्या ‘भैरू’चा फारसी जिभेवर ‘बहरी’ झाला. या घराण्याचें मूळ वतन पाथरीचें. पुढें अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यानें पूर्वजांचें गांव म्हणून वऱ्हाडच्या इमादशहापाशीं पाथरी मागितली, बदल्यांत दुसरा मुलूख देऊं केला, आणि नकार येतांच १५१८ च्या सुमारास ती लढून घेतली. फारसींत बहरी हें एका शिकारी पक्ष्याचेंहि नांव आहे. मराठींतला बहिरी ससाणा तो हाच. म्हणजे या नांवाच्या मागें भैरव असो वा ससाणा, वसंत ऋतु मात्र तेथें नाहीं. शब्द सारखे ऐकूं आले म्हणून ते एका कुळींचे ठरत नाहींत.

अशीच गफलत ‘मोहर’ या शब्दाविषयीं होते. आंब्याचा मोहर पुल्लिंगी, सोन्याची मोहर स्त्रीलिंगी. दुसरी ही फारसी ‘मुहर’, म्हणजे शिक्का, यावरून आलेली. मोहर आला म्हणजे घरांत मोहरा येणार असें गांवांत थट्टेनें बोलतां येईल. परंतु दोन्ही शब्दांची भेट झाली ती केवळ मराठीच्या अंगणांत. ‘मोहरणें’ हें क्रियापद आंब्याचें. माणसाला लावलें म्हणजे अंगावर शहारा येणें, सुखानें भरून येणें असा कोंवळा अर्थ होतो, आणि तो घरगुती बोलण्यापेक्षां काव्यांतच अधिक आढळतो. ‘पालवणें’ म्हणजे नवीं पानें फुटणें. पदर किंवा हात हालवून बोलावणें हाहि त्याचा अर्थ आहे. ‘फुलणें’ हें सर्वांत मोकळें क्रियापद. झाड फुलतें, चेहरा फुलतो, जत्रा फुलते, निखाराहि फुलतो. ‘फळणें’ यांत मात्र नुसती शोभा चालत नाहीं, कांहींतरी हातीं पडावें लागतें. नवस फळतो, कष्ट फळतात. आणि ज्याचें दैव कष्टांवांचून उघडतें त्याचें ‘नशीब फळफळतें’. एका अक्षरजोडीच्या पुनरुक्तीनें भाषेनें कष्टाचें फळ आणि फुकटचें फळ यांत केवढा भेद केला आहे!

आतां शेताकडे वळावें. दोन शब्द असे आहेत कीं त्यांच्या ठायीं भरभराट आणि मशागत, किंवा मशागत आणि नाश, एकत्र नांदतात. झाड फुलांनीं ‘डवरतें’ म्हणजे गच्च भरून जातें. आणि पिकाच्या ओळींमधून बैलाकडून डवरा ओढवून तण काढणें यालाहि ‘डवरणें’ म्हणतात. दुसरा शब्द ‘कोळपणें’. पिकांत कोळपें फिरविलें म्हणजे तें कोळपलें. आणि उन्हानें करपलें, कोमेजलें तरीहि तें कोळपलें. “पऱ्हाटी कोळपली का?” या प्रश्नाला “कोळपली” असें उत्तर आलें, तर तें समाधानाचें आहे कीं दुःखाचें, हें बोलणाराचा चेहरा पाहिल्याशिवाय सांगतां येत नाहीं. एका अर्थीं पिकाची निगा झाली, दुसऱ्या अर्थीं पीक गेलें. शहरांतल्या नवख्या अधिकाऱ्यानें असल्या उत्तरावरून कागद भरला तर काय होईल, याची कल्पना करावी.

परंतु पिकाविषयीं खरा महत्त्वाचा शब्द ‘भर’ हा आहे. रब्बी जोंधळ्याची वाढ ज्या शब्दांनीं मोजतात ते ऐकण्यासारखे आहेत. जोंधळा आधीं पोटऱ्यांत येतो, म्हणजे कणीस आंतल्या आंत, पानाच्या वेष्टनांत असतें. मग तो निसवतो, कणीस बाहेर पडतें. मग फुलोरा, मग दाणा चिकांत, मग हुरड्यांत, आणि शेवटीं कणीस ‘भरतें’. ही शेवटची पायरी येईपर्यंत गांवचा माणूस पीक आलें असें म्हणत नाहीं. ऐन वेळीं जमिनींतली ओल संपली तर ताटें पुरुषभर उंच, पानें रुंद, कणसें टपोरीं दिसावींत, आणि हातांत घेऊन चोळावें तर बोंडकांत दाणा नाहीं, असें होतें. हिरवेपणाचा आणि भराचा संबंध असतोच असें नाहीं. ‘भरभराट’ या शब्दांत ही ‘भर’ दोनदां कानीं पडते. बहर म्हणजे फूल, भर म्हणजे दाणा. पहिल्यावर गाणें होतें. दुसऱ्यावर कणगी, लग्न आणि कर्जफेड.

कापसाचा शब्द त्याहून चमत्कारिक. सर्व मराठी व्यवहारांत ‘फुटणें’ हें बहुधा वाईट. भांडें फुटतें, घर फुटतें, कट फुटतो. पण कापूस ‘फुटला’ म्हणजे पाथरीच्या घरोघर दिवाळी. आधीं पाती लागते, मग फूल, मग बोंड, आणि बोंड उकलून पांढरा कापूस बाहेर आला म्हणजे तो फुटला. हा माल पूर्वीं मानवतच्या पेठेंत बैलगाड्यांनीं जाई, आज वाहनांनीं जातो. शब्द तोच राहिला. २०१७ च्या खरिपांत विदर्भ-मराठवाड्यांतल्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी पडली, तेव्हां या शब्दाची किंमत पुन्हां कळली. झाडें बोंडांनीं लहडलेलीं होतीं. रस्त्यावरून पाहणाऱ्यास तें साल उत्तमच वाटलें असतें. परंतु बोंडांच्या आंत अळीनें सरकी खाल्ली होती, आणि पुष्कळ बोंडें धड फुटलींच नाहींत. जीं अर्धवट उकललीं त्यांतला कापूस पिंवळट, कवडीदार निघाला.

झाडाच्या नुसत्या वाढीला शेतकरी भुलत नाहीं, हें दाखविणारीं क्रियापदेंहि भाषेंत आहेत. ‘फोफावणें’ म्हणजे झपाट्यानें, पसरत वाढणें. वेल फोफावतो, वड फोफावतो, आणि सर्वांत अधिक फोफावतें तें तण. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेलें गाजरगवत पुढें साऱ्या महाराष्ट्रांत पसरलें. त्याला बहरलें म्हणणारा मनुष्य मिळणार नाहीं, तें फोफावलेंच. म्हणूनच लाचलुचपत फोफावते, साथ फोफावते, जुगार फोफावतो. कोणी एखाद्या संस्थेच्या गौरवांत ‘ही संस्था फोफावली’ असें लिहितो तेव्हां त्याचा हेतु चांगला असला तरी कानाला कांहींतरी खटकतें. त्याच्याहि पुढचा शब्द ‘माजणें’. खत आणि पाणी भरपूर मिळून पऱ्हाटी नुसतीच उंच व पानाळ झाली, पाती धरीना, म्हणजे ती ‘माजली’. मग शेंडे खुडून तिचा माज उतरवावा लागतो. बैल माजतो, बांधावरचें गवत माजतें, आणि पैशानें माणूसहि माजतो. माजणाराचें कांहीं कमी नसतें, फळ मात्र नसतें. ज्याला वाढीचें कौतुकच करावयाचें आहे त्यानें ‘तरारणें’ वापरावें. पहिल्या पावसानंतर कोमेजलेलीं रोपें मान वर करतात, त्या क्षणाचा हा शब्द आहे, आणि त्यांत कोणताहि डाग नाहीं.

पाण्याबरोबर भाषाहि बदलते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पायाचा दगड १९६५ सालीं लाल बहादुर शास्त्री यांच्या हस्तें बसला आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं धरणाचें उद्घाटन केलें. त्याचा डावा कालवा दोनशें आठ किलोमीटर लांबीचा. तो परभणी जिल्ह्यांत शिरतो आणि पाथरी तालुक्याच्या रानांना पाणी देतो. जिराईत जोंधळ्याच्या जागीं ऊंस उभा राहिला, आणि ‘पाणी आलं, रान पिकलं’ असें अभिमानानें बोललें जाऊं लागलें. परंतु काळ्या जमिनीला पाण्याचा निचरा थोडा. जेथें पाणी वाजवीपेक्षां अधिक मुरलें तेथें जमीन ‘चिबडते’, म्हणजे सदा ओली, थंड आणि पिकाला निकामी होते. ज्या वर्षीं कालव्याला पाणी सुटत नाहीं त्या वर्षीं अर्थात् उलटें दुखणें. पिकणें आणि चिबडणें हे शब्द एका चारीच्या दोन कांठांवर राहतात असें म्हटलें तरी चालेल.

आतां त्या शेतकऱ्याच्या ‘बरं आहे’ कडे यावें. दोन माणसें बाजारच्या दिवशीं भेटतात.

“काय मामा, कापूस झकास दिसतुय यंदा?”

“बरा हाय बाबा. देवाची दया.”

मामांचें रान खरोखर चांगलें असेल. तरी ‘झकास’ हा शब्द ते आपल्या तोंडानें उच्चारणार नाहींत. दृष्ट लागेल ही एक भीति. आणि दुसरी भीति अशी कीं चांगलें म्हटलें कीं सावकार, नातलग आणि हात-उसनें मागणारे यांच्या कानीं तें आधीं जातें. खळ्यावर धान्य मापतांनाहि हाच संकोच आढळतो. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणावयाचें, मुसलमान शेतकऱ्याच्या खळ्यावर ‘बरकत’, आणि मग दोन, तीन असें पुढें जावयाचें. समृद्धीचा शब्द उच्चारावयाचा तो मोजणीच्या आरंभीं, आशीर्वाद म्हणून. शेवटीं, फुशारकी म्हणून नव्हे.

याच मनोवृत्तींतून ‘वाढणें’ या क्रियापदाचा विलक्षण उपयोग झाला आहे. मूल वाढतें, ऊंस वाढतो. पानांत अन्न वाढतात. इथपर्यंत सर्व ठीक. परंतु देवापुढें नारळ फोडला असें म्हणत नाहींत, नारळ ‘वाढविला’. बांगडी फुटली म्हणत नाहींत, ‘वाढली’. करंड्यांतलें कुंकू संपलें तर तेंहि ‘वाढलें’. मंगळसूत्र तुटलें तरी ‘वाढलें’. जें उणें झालें, विझलें, भंगलें, त्याला वाढीचें नांव द्यावयाचें! घरांतल्या बायकांनीं हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, आणि यांत नुसती समजूत आहे असें म्हणून तो सोडून देतां येणार नाहीं. ज्या भागांत एका पावसाच्या खंडानें वर्ष बुडतें तेथें अशुभाचें नांव घेण्याची लोकांस घाई नसते. भाषेच्या अभ्यासकानें मात्र सावध राहिलें पाहिजे. “बांगडी वाढली” याचा शब्दशः अर्थ घेऊन चालणार नाहीं.

गांवाच्या भरभराटीचे शब्द घराहून निराळे. घरांत सून ‘नांदते’, लक्ष्मी ‘नांदते’. आणि ज्या गांवांत माणसें आहेत तें ‘नांदतें गांव’. संस्कृतांतील ‘नन्द्’, आनंदणें, या धातूपासून आलेला हा शब्द मराठींत केवळ राहणें या अर्थापर्यंत उतरला, आणि तरीहि आनंदाचा ओलावा त्यांत उरला; सुखानें राहणाऱ्यालाच नांदतो म्हणतात. फारसीकडून याच अर्थाचा ‘आबाद’ आला. निजामाच्या राज्यांत, म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत, पाथरीची कचेरी उर्दूंत चाले. तेव्हां ‘आबाद’ आणि ‘गैरआबाद’ हे शब्द लोकांच्या कानांवरून रोज जात. ‘आबादीआबाद’ हा जोडशब्द तर साऱ्या महाराष्ट्रानें उचलला. याच्या विरुद्ध टोंकाला ‘बेचिराख’ हा शब्द. आज तो ऐकतांच डोळ्यांपुढें जळून राख झालेलें गांव येतें. वास्तविक तो फारसी ‘बे-चिराग’, दिव्यावांचूनचें. ज्या गांवांत सायंकाळीं दिवा लागत नाहीं, म्हणजे वस्तीच उरली नाहीं, तें महसुली दप्तरांत बेचिराग. तेथें आग लागलेली असतेच असें नाहीं. माणसें उठून गेलेलीं असतात. पुढें ‘राख’ या ओळखीच्या शब्दाची सांवली पडून अर्थ बदलला. मराठवाड्यांतून दर हिंवाळ्यांत ऊंसतोडीला बाहेर पडणारीं कुटुंबें आणि त्यांच्या मागें कुलपें लागलेलीं घरें पाहिलीं म्हणजे मूळचा अर्थच अधिक बोलका वाटतो.

आतां पोटावर येणारी गोष्ट. पीक कसें आहे, हा प्रश्न केवळ शेजारी शेजाऱ्याला विचारतो असें नव्हे. सरकारहि विचारतें, आणि उत्तर आंकड्यांत मागतें. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हां या अंदाजाला ‘आणेवारी’ म्हणत. भरपूर पीक तें सोळा आणे; ‘सोळा आणे पिकलें’ हा वाक्प्रचार अजूनहि जुन्या माणसांच्या तोंडीं आहे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं सुरू झालीं, आणे गेले, आणि आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. मराठवाड्यांत खरिपाची पैसेवारी तीन टप्प्यांनीं ठरते: सप्टेंबरांत नजरअंदाज, ऑक्टोबरांत सुधारित, डिसेंबरांत अंतिम. पन्नास पैशांच्या खालीं उतरलेल्या गांवास जमीनमहसुलांत सूट, शेतीपंपाच्या वीजबिलांत सवलत, शाळा-कॉलेजांतील मुलांना परीक्षेच्या फीची माफी असे दिलासे मिळतात. पन्नासच्या वर राहिलेल्या गांवास नाहींत. एका पैशानें गांव इकडचें तिकडे होतें.

पहिल्या टप्प्याचें नांवच ‘नजरअंदाज’ आहे, हें ध्यानांत घ्यावें. सप्टेंबरांत नजरेला काय दिसतें? तेंच, जें मानवतच्या रस्त्यावरून वाटसरूला दिसलें. हिरवेंगार, फुललेलें, बहरलेलें रान. पऱ्हाटीला पाती आहे, तुरीला अजून फूलहि नाहीं. जें पीक नजरेनें ऐंशीं पैसे वाटतें तें भरण्याच्या वेळीं पाऊस न पडल्यास चाळिसावर येतें. म्हणूनच अंतिम पैसेवारीसाठीं ठराविक मापाचा तुकडा आंखून, प्रत्यक्ष कापणी करून, दाणा मापून पाहण्याचा नियम आहे. हा नियम ज्यांनीं केला त्यांना बहर आणि भर यांतला भेद ठाऊक होता, असें म्हणावयास हरकत नाहीं. नियम कितपत पाळला जातो, हा गांवोगांवचा वादाचा विषय आहे.

२०१६ सालीं केंद्र सरकारनें दुष्काळाची नवी संहिता केली आणि पुढच्या वर्षीं महाराष्ट्रानें ती स्वीकारली. तींत पावसाची तूट, जमिनींतली ओल, धरणांतील व भूगर्भांतील पाणी यांच्याबरोबर वनस्पतींच्या हिरवेपणाचा निर्देशांकहि घेतात, आणि तो उपग्रहावरून मोजतात. साधनाची थोरवी निर्विवाद आहे. तालुकाच्या तालुका एका दृष्टिक्षेपांत येतो, आणि तेथें कोणाची भीड नाहीं कीं वशिला नाहीं. पण उपग्रह जें पाहतो तें पान आहे. गाजरगवत हिरवें, माजलेली पऱ्हाटी हिरवी, दाणा न धरलेला जोंधळाहि हिरवा. फोफावणें, माजणें आणि भरणें यांतला भेद इतक्या उंचीवरून करणें कठीण, आणि म्हणूनच त्या संहितेंतसुद्धां शेवटीं निवडक गांवांतील शेतांवर जाऊन पिकांची प्रत्यक्ष पाहणी करावी लागते.

अशा पाहणीला कचेरींतले लोक पाथरीच्या एखाद्या शिवारांत येतात. बांधावर उभे राहून त्यांच्यांतला एक तरुण कारकून वहींत लिहितां लिहितां विचारतो, “काका, पीक तर बहरलेलं दिसतंय. काय लिहूं?”

काका धोतराच्या सोग्यानें हात पुसतात, ओळींत चार पावलें आंत जातात, एक कणीस मोडून तळहातावर चोळतात, आणि कोंडा फुंकून उरलेले चार दाणे त्याच्यापुढें धरतात.

“हिरवं हाय साहेब. भरलेलं न्हाई. तसंच लिवा.”